कावळा वाईट, चिमणी चांगली: कशावरून?

चौथीच्या वर्गाला शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: लोककथा सांगून झाल्यावर ‘पात्रांचा स्वभाव लिहा’ म्हटलं की माझी मुलं ‘कावळा वाईट होता, चिमणी चांगली होती’ एवढंच लिहितात. ‘आणखी लिहा’ म्हटलं तर ‘कावळा खूप वाईट होता’ असं लिहितात. त्यांना स्वभाव ओळखायला शिकवायचं कसं, आणि उत्तरं तपासायची कशी?

ताई, मी सत्तावीस वर्षं मराठी शिकवलं, त्यातली बहुतेक वर्षं खेड्यातल्या शाळांत. तुमचा प्रश्न वाचला आणि तिसरीचा एक वर्ग डोळ्यासमोर उभा राहिला. गोष्ट हीच, चिऊताई आणि कावळ्याची. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं, मोठा पाऊस आला आणि कावळ्याचं घर वाहून गेलं. मी फळ्यावर लिहिलं, ‘कावळा: आळशी’, आणि कारण म्हणून सांगितलं की त्यानं शेणाचं कच्चं घर बांधलं. मागच्या ओळीतली एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, उठून म्हणाली, “बाई, आमचं घर पण शेणानं सारवतात. माझी आई आळशी नाही.”

मी खडू खाली ठेवला. कावळा आळशी आहे असं त्या गोष्टीत कुठे आहे? कुठेच नाही. घर शेणाचं होतं आणि ते वाहून गेलं, एवढंच गोष्ट सांगते. मेण त्याला मिळालं नाही, की त्यानं आणलं नाही, याबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. ‘आळशी’ हा शब्द माझा होता आणि मी तो मुलांच्या वहीत उतरवायला लावत होते. पुढे शिकवण्यात मी जे काही बदल केले ते या एका प्रसंगातून निघाले, म्हणून तो आधी सांगितला.

तुमची मुलं ‘वाईट’ आणि ‘चांगली’ लिहितात, कारण तसंच ती ऐकत आली आहेत. गोष्ट संपली की आपण लगेच तात्पर्य सांगतो. तात्पर्यात दोनच खण असतात, कसं वागावं आणि कसं वागू नये. मुलं पात्रांना उचलून त्या दोन खणांत ठेवतात. पण आपल्या जुन्या कहाण्यांचा शेवट आठवा: ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.’ तिथे तात्पर्य नाही. ऐकणाऱ्यानं काय घ्यायचं ते त्याच्यावर सोडलेलं आहे. म्हणून माझी पहिली विनंती, निदान महिनाभर तात्पर्य सांगणं बंद ठेवा. मुलांनी विचारलं तर त्यांनाच विचारा.

दुसरी गोष्ट शिक्षक म्हणून आपल्यालाच ठाऊक हवी. लोककथा कादंबरीसारखी पात्राच्या मनात शिरत नाही. माक्स ल्यूथी नावाच्या स्विस अभ्यासकानं १९४७ साली युरोपातल्या लोककथांबद्दल हे बारकाईनं मांडलं: तिथली माणसं मनातलं बोलून दाखवत नाहीत, त्यांचं मन त्यांच्या कृतीतच दिसतं. आपल्या गोष्टींनाही हे लागू पडतं. ‘चिमणीला वाईट वाटलं’, ‘कावळ्याच्या मनात कपट आलं’ असली वाक्यं आजी सांगत नाही. ती सांगते कोण काय म्हणालं आणि कोणी काय केलं. त्यामुळेच स्वभाव ओळखायला शिकवण्यासाठी लोककथेइतकं चांगलं साधन मला सापडलेलं नाही. पुरावा सगळा उघड्यावर असतो, निष्कर्ष तेवढा आपल्याला काढायचा असतो.

त्यासाठी वर्गात एक शब्द रुजवावा लागतो: ‘कशावरून?’ मूल म्हणालं ‘कावळा वाईट’, तर ‘चूक’ म्हणायचं नाही, ‘बरोबर’ही म्हणायचं नाही, फक्त ‘कशावरून?’ सुरुवातीला मुलं गोंधळतात, कारण मोठ्यांनी हा प्रश्न विचारला म्हणजे आपलं चुकलं अशी त्यांची समजूत असते. म्हणून बरोबर वाटणाऱ्या उत्तरालाही तोच प्रश्न त्याच आवाजात विचारा. पंधरा दिवसांत मुलंच एकमेकांना विचारायला लागतात.

प्रत्यक्ष तासाचं सांगते. पहिल्या दिवशी गोष्ट नुसती सांगा. मध्ये थांबू नका, प्रश्न विचारू नका. ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते’ हे चिऊताईच्या आवाजात येऊ द्या, मुलांना बरोबर म्हणू द्या. गोष्टीचा आनंद झाला नाही तर पुढचं सगळं ओझं होतं. आणि प्रत्येक गोष्टीवर हा खटाटोप करूही नका. आठवड्याला एक गोष्ट पुरे, बाकीच्या नुसत्या ऐकण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी फळ्याचे तीन भाग करा. पहिल्यात ‘काय केलं’, दुसऱ्यात ‘काय बोललं’, तिसरा रिकामा. पहिले दोन भाग मुलांकडून भरून घ्या आणि तिथे स्वभावाचा एकही शब्द येऊ देऊ नका. कोणी ‘चिमणीनं दुष्टपणानं दार उघडलं नाही’ म्हणालं तर फळ्यावर फक्त ‘दार उघडलं नाही’ लिहा. हा गाळण्याचा भाग मुलांना फार आवडतो. मग तिसऱ्या भागाकडे वळा: आता सांगा, कशी आहे ही?

एका वर्षी चौथीत चिमणीवरून जे झालं ते अजून लक्षात आहे. दुसरा भाग भरला होता: बाळाला न्हाऊ घालते, अंग पुसते, काजळ लावते, तीट लावते. एक मुलगा म्हणाला, “बाई, बाळ तर घरात कोरडंच होतं. भिजत कावळा होता.” वर्ग गप्प झाला. मग एक मुलगी तावातावानं म्हणाली, “पण बाळ लहान आहे. माझी आई पण आधी बाळाचंच करते, मग आम्हाला वाढते.” तिसऱ्यानं मोजून दाखवलं की ती दर वेळी नवं कारण सांगते, म्हणजे ती टाळते आहे. त्या दिवशी तिसऱ्या भागात आलेले शब्द असे: मायाळू, सावध, टाळाटाळ करणारी, कठोर. चारही शब्द त्याच चार वाक्यांवर उभे होते. ‘चांगली’ हा शब्द कोणी म्हटलाच नाही, आणि मी तो बंद केला नव्हता.

यात एक पथ्य आहे. मुलं गोष्टीत नसलेलं जोडतात. आम्ही चिमणीची मुलाखत घ्यायचो, म्हणजे एक मूल चिमणी होऊन खुर्चीवर बसायचं आणि बाकीची प्रश्न विचारायची. एकदा ‘चिमणी’ म्हणाली, “मागच्या पावसात यानं माझा दाणा चोरला होता, म्हणून मी उघडलं नाही.” कल्पना सुंदर, आणि मुलाखतीत ती चालते. पण नंतर विचारायचं: हे गोष्टीत आहे, की तू मनानं घातलंस? मनानं घातलेलं वाईट नसतं, फक्त ते वेगळ्या रंगाच्या खडूनं लिहायचं. हा फरक चौथीत कळला तर पुढे बातमी वाचतानाही कामी येतो.

आता ‘स्वभाव’ या शब्दाबद्दल. मुलं त्यात तीन गोष्टी मिसळतात: दिसणं, त्या वेळची भावना आणि खरा स्वभाव. भोपळ्यातल्या म्हातारीबद्दल लिहा म्हटलं की वहीत येतं, ‘म्हातारी बारीक होती, ती घाबरली, ती हुशार होती.’ पहिलं दिसणं आहे, दुसरी भावना, तिसरा स्वभाव. व्याख्या पाठ करून हे सुटत नाही. मी एकच चाळणी वापरायचे: ‘एकदाच, की पुन्हा पुन्हा?’ वाघ समोर आल्यावर घाबरणं कोणालाही होईल. पण वाघ भेटला तेव्हाही ती म्हणते, ‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा’, आणि कोल्हा भेटला तेव्हाही तेच. परतीच्या वाटेवरही तीच युक्तीची जात: ‘म्हातारी कोतारी मला नाही माहीत, चल रे भोपळ्या टुणुक टुणुक.’ माणूस संकटात सापडल्यावर पुन्हा पुन्हा एकाच रीतीनं वागतो, तो त्याचा स्वभाव.

इथे लोककथा आपल्याला आयती मदत करते. डेन्मार्कच्या अ‍ॅक्सेल ओल्रिक यांनी १९०९ साली लोककथांच्या रचनेचे काही नियम मांडले. त्यातले तीन शिक्षकाच्या फार उपयोगाचे आहेत: घटना पुन्हा घडतात आणि बहुतेकदा तीनदा, एका प्रसंगात साधारण दोनच पात्रं बोलतात, आणि ती दोन एकमेकांच्या उलट असतात. मुलांना ‘नियम’ म्हणून हे सांगायची गरज नाही. पण आपल्याला माहीत असलं की कुठे थांबायचं ते कळतं. तीच कृती दुसऱ्यांदा आली की थांबा, ‘परत तसंच केलं, बघा’ म्हणा. दोन पात्रं समोरासमोर आली की विचारा, ‘याच्या जागी ती असती तर तिनं काय केलं असतं?’

म्हातारीवरून मला मिळालेला सगळ्यात मोठा धडा शब्दांचा. पाचवीतला एक मुलगा म्हणाला, “म्हातारी खोटारडी आहे.” वर्गानं त्याला गप्प करायला सुरुवात केली. मी म्हटलं, कशावरून? तो म्हणाला, “ती आत बसली आहे आणि म्हणते म्हातारी माहीत नाही. कोल्ह्यानं असं केलं असतं तर आपण त्याला लबाड म्हटलं असतं.” या बोलण्याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, आणि उत्तर देण्याची घाई केली नाही याचं मला आजही समाधान वाटतं. आम्ही फळ्यावर मराठीतले फसवण्याशी आणि हुशारीशी नातं असलेले शब्द मांडले: हुशार, चतुर, चलाख, प्रसंगावधानी, बेरकी, धूर्त, लबाड, कावेबाज, कपटी. मग डावीकडून उजवीकडे त्यांची रांग लावली, सगळ्यात कौतुकाचा शब्द एका टोकाला, सगळ्यात रागाचा दुसऱ्या टोकाला. ‘बेरकी’ कुठे ठेवायचा यावर दहा मिनिटं गेली. एक मुलगी म्हणाली, आजोबा बेरकी म्हणतात तेव्हा हसून म्हणतात.

मग प्रश्न आला, म्हातारी या रांगेत कुठे? मुलांनीच शोधून काढलं की फसवणूक तीच असली तरी शब्द बदलतो, कारण आपण तीन गोष्टी बघतो: कोणाकडे जोर जास्त आहे, फसवून काय मिळवायचं आहे, आणि फसलेल्याचं नुकसान किती झालं. म्हातारीला जीव वाचवायचा होता. ‘खोटं बोलली, पण प्रसंगावधानी’ असं उत्तर त्या मुलानं शेवटी लिहिलं. ‘खोटं बोलली’ हे त्यानं सोडलं नाही, आणि मी खोडलंही नाही.

म्हणून शब्दसंपत्ती वाढवण्यासाठी विशेषणांची यादी पाठ करून घेऊ नका. घरून शब्द मागवा. ‘तुमच्या घरी कोणाला काय काय म्हणतात ते आजीला विचारून या’ एवढंच सांगा. हेकट, आगाऊ, भोळा, चिक्कू, मनकवडी, कुचका, बिलंदर, भिडस्त, इरसाल, मायाळू, आतल्या गाठीचा. मुलं असा ढीग आणतात, आणि त्यात त्या त्या गावच्या बोलीचे शब्दही येतात. ते प्रमाण मराठीत बदलून घेऊ नका. भिंतीवर कागद लावा, शब्दाखाली तो कोणत्या पात्राला दिला आणि कशावरून ते लिहा. भिडस्त हा शब्द आमच्या भिंतीवर दोन महिने एकटाच लटकत होता, त्याला साजेसं पात्रच सापडेना.

प्राण्यांच्या गोष्टींत एक अडचण येते. कोल्हा म्हटलं की लबाड, गाढव म्हटलं की मूर्ख, हे मुलं गोष्ट सुरू व्हायच्या आधीच ठरवतात. त्यावर माझा एक ठरलेला तास होता, ‘तीन कावळे’. पहिला कावळा शेणाच्या घरातला. दुसरा तहानलेला, माठात खडे टाकणारा. तिसरा कोल्ह्यानं गाण्याची स्तुती केल्यावर चोच उघडणारा. (शेवटचे दोघे इसापाचे, पण आपल्याकडे ते इतके मुरले आहेत की मुलांना परके वाटत नाहीत.) तिघांचे तीन तक्ते शेजारी लावायचे आणि विचारायचं, कावळा कसा असतो? मुलं हसतात, मग अडतात, मग म्हणतात, “बाई, कुठला कावळा?” माझा तास तिथे पूर्ण व्हायचा.

हे मी एवढं लावून धरते याला कारण आहे. लोककथांत कोल्हा जसा लबाड ठरलेला असतो, तशी सावत्र आई दुष्ट ठरलेली असते, अमक्या व्यवसायाचा माणूस लोभी, तमका भोळसट. एका वर्गात सावत्र आईची गोष्ट सांगून मी ‘तिचा स्वभाव कसा?’ विचारलं. हातांचं जंगल उभं राहिलं: दुष्ट, क्रूर, मत्सरी. एक मुलगी वहीच्या कोपऱ्यात पेन्सिल फिरवत राहिली, कागद फाटेपर्यंत. तिला घरी सावत्र आई होती, आणि तिची वेणी रोज तीच घालायची, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून प्रश्न विचारताना मी नातं आणि व्यवसाय बाजूला काढते. ‘सावत्र आई कशी आहे?’ असं न विचारता ‘या बाईनं मुलीला काय काय करायला लावलं?’ असं विचारते. आणि एका कृतीवरून सगळ्या सावत्र आयांबद्दल, किंवा एखाद्या जातीच्या वा व्यवसायाच्या सगळ्या माणसांबद्दल वाक्य झालं, तर तिथल्या तिथे थांबवते. यात शिक्षकानं मऊ राहू नये.

पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी श्रावणातली खुलभर दुधाची कहाणी घ्या. राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा आहे. हुकूम सुटतो, गावातलं सगळं दूध देवळात येतं, घरोघरी मुलं आणि वासरं उपाशी राहतात, आणि गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी घरातली कामं आटोपते, पोराबाळांना, लेकीसुनांना, गाईवासरांना सगळ्यांना तृप्त करते आणि उरलेलं खुलभर दूध नेऊन वाहते. गाभारा भरतो. राजा कसा आहे, हा प्रश्न विचारा. काही मुलं म्हणतात भाविक, काही म्हणतात निर्दय, आणि दोन्हींना पुरावा आहे, एकाच हुकुमात. हेतू आणि परिणाम वेगळे काढायची ही उत्तम जागा.

पण बहुतेक मुलांच्या नजरेतून शेवट सुटतो. राजा पाळत ठेवून म्हातारीला गाठतो. ती घाबरते, राजा अभय देतो, मग ती त्याच्या तोंडावर सांगते की तुझ्या हुकुमानं लेकरं-वासरं तळमळली, ते देवाला रुचलं नाही. राजा ऐकतो आणि पुढच्या सोमवारी तसं वागतो. ‘आता राजासाठी एक नवा शब्द हवा’ म्हणा आणि थांबा. सातवीतल्या एका मुलानं शब्द शोधला होता, ‘ऐकून घेणारा’. मग पुढचा प्रश्न त्यानंच विचारला, म्हातारी आधी का घाबरली? म्हणजे तिला राजा कसा वाटत होता? पात्र दुसऱ्या पात्राच्या नजरेतून कसं दिसतं, हे मी शिकवायच्या आधीच तो तिथे पोचला होता.

लहान वर्गांसाठी हेच काम उंदराच्या टोपीवर होतं. टोपी काढून घेतली की ‘राजा भिकारी, माझी टोपी घेतली’, परत दिली की ‘राजा मला भ्याला, माझी टोपी दिली, ढुम ढुम ढुमाक’. उंदीर धीट की उद्धट? पहिली-दुसरीत लिहायला लावू नका, वर्गाच्या दोन कोपऱ्यांत उभं राहायला सांगा आणि कारण ऐकून कोपरा बदलायची मुभा द्या. सहा-सात वर्षांचं मूल कारण पटलं म्हणून चालत दुसऱ्या कोपऱ्यात जातं, ते बघण्यासारखं असतं.

घराघरांत गोष्ट वेगळी असते, याचाही उपयोग करा. चिऊ-काऊच्या गोष्टीत दार उघडल्यानंतर काय होतं, ते दहा मुलांना विचारलं तर चार-पाच शेवट निघतात. एकीकडे कावळा ऊब घेऊन निमूट झोपतो, दुसरीकडे रात्री चिमणीचे चणे कुटुम कुटुम खातो, तिसरीकडे त्याला चटका बसतो. खरी गोष्ट कुठली, हा वाद घालू नका. कुठल्या शेवटात कावळ्याबद्दलचा आपला शब्द टिकतो आणि कुठल्या शेवटात बदलावा लागतो, ते मुलांना तपासू द्या.

आता तुमचा तपासण्याचा प्रश्न. दोन मुलांनी उलट शब्द लिहिले आणि दोघांनी गोष्टीतला प्रसंग दिला, तर दोघांना पूर्ण गुण द्या. पण याचा अर्थ काहीही चालतं असा नाही. प्रसंग न देता शब्द दिला तर उत्तर अपुरं. प्रसंग दिला पण तो शब्दाला आधार देत नाही, जसं माझं ‘शेणाचं घर म्हणून आळशी’, तर वहीत ‘कशावरून?’ लिहून परत पाठवा, काट मारू नका. आणि गोष्टीच्या उलट लिहिलं, म्हणजे म्हातारीनं वाघाला मारलं वगैरे, तर ते चूकच. लिहिण्यासाठी सुरुवातीला साचा द्या: ‘मला अमुक पात्र असं वाटतं, कारण गोष्टीत ते...’ दोन-तीन महिन्यांत मुलं तो स्वतःच मोडतात, तेव्हा मोडू द्या.

माझ्याकडे एका चौथीतल्या मुलीचं पान अजून आहे, चिमणीबद्दलचं. शुद्धलेखन सुधारून देते: ‘चिमणी मायाळू आहे कारण ती बाळाचं सगळं करते. पण तिची माया घराच्या आतच आहे. दार उघडलं तेव्हा थोडी बाहेर आली.’ मी तिला समासात विचारलं होतं, ‘थोडी कशावरून?’ तिनं खाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘कारण उघडायच्या आधी तिनं तीट पण लावली.’